आइसबारला जरूर जा, पण आधी राइक्सम्युझियम

महाराष्ट्रातून निघणाऱ्या युरोप सहलींची चार वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर ॲमस्टरडॅमचा दिवस बऱ्याचदा एकाच साच्यातला निघतो. कालव्यातली बोटफेरी, हिऱ्यांचा कारखाना, मेणाचे पुतळे, मोसम असेल तर क्यूकेनहॉफची ट्यूलिपची बाग. राइक्सम्युझियम, म्हणजे नेदरलँड्सचं राष्ट्रीय संग्रहालय, आलंच तर 'बाहेरून दर्शन' या सदरात. स्वतंत्रपणे जाणारी तरुण मंडळी यात एक भर घालतात ती आइसबारची. बर्फाच्या भिंती, बर्फाचा काउंटर, बर्फाचेच पेले. अंगावर जाड कोट चढवून वीसेक मिनिटं आत, दोन पेये आणि भरपूर फोटो. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांवर हल्ली अशा बारची आणि कालवाफेरीची किंवा संग्रहालयाची जोडतिकिटंही दिसतात.

या जोडीवर दोन्ही बाजूंनी नाकं मुरडली जातात. कलेची जाण असलेले म्हणतात, रेम्ब्रांटच्या चित्रांचं तिकीट व्होडकाच्या पेल्यासोबत विकणं ही अवनती आहे. सहलीला निघालेले म्हणतात, आम्ही मजा करायला आलोय, जुनी काळपट चित्रं बघून आम्हाला काय कळणार? मला ही दोन्ही मतं पटत नाहीत. बार आणि संग्रहालय एकाच दिवशी करावं, खुशाल करावं. फक्त संग्रहालय आधी आणि बार नंतर, आणि वेळेतला मोठा वाटा संग्रहालयाचा. माझा सगळा आग्रह या क्रमाचा आणि या वाट्याचा आहे. त्यामागचं कारण ॲमस्टरडॅमच्याच आइसबारमध्ये सापडतं.

कायमस्वरूपी आइसबारची कल्पना स्वीडनची. २००२ साली स्टॉकहोमच्या एका हॉटेलात असा बार निघाला आणि मग जगभर त्याची लागण झाली. ॲमस्टरडॅममध्ये आम्स्टल नदीकाठी, रेम्ब्रांट चौकाच्या जवळ एक्स्ट्राकोल्ड नावाचा आइसबार आहे. आतलं तापमान उणे १० अंशांच्या आसपास. त्याची सजावट एका खऱ्या गोष्टीवर बेतलेली आहे: विलेम बारेंट्स आणि याकोब व्हॅन हेमस्कर्क या डच दर्यावर्दींची १५९६ सालची उत्तर ध्रुवाकडची सफर. आत जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या दृष्टीने ती गोष्ट म्हणजे फोटोमागची पार्श्वभूमी. बर्फ आहे, जहाज आहे, अस्वल आहे, झालं.

आता ती गोष्ट जरा नीट सांगतो, कारण तिचं एक टोक आपल्या गोव्यात आहे.

सोळाव्या शतकाच्या शेवटी पूर्वेकडच्या मसाल्यांचा सागरी मार्ग पोर्तुगिजांच्या हातात होता आणि त्या साम्राज्याची आशियातली राजधानी होती गोवा. डचांना त्या व्यापारात शिरायचं होतं. यान ह्यूघेन व्हॅन लिन्सकोटेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि तिथल्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून पाचेक वर्षं राहिला. गोव्याचा बाजार, मिरीचा व्यापार, वारे, बंदरं, जलमार्ग हे सगळं त्याने टिपून ठेवलं. मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये त्याचा ग्रंथ छापून निघाला आणि पोर्तुगिजांनी जपून ठेवलेली माहिती साऱ्या युरोपला खुली झाली. पण तोवर डचांच्या डोक्यात आणखी एक वाट होती: पोर्तुगिजांच्या वाटेलाच न जाता रशियाच्या उत्तरेकडून, बर्फाच्या समुद्रातून चीनला पोचायचं. त्या शोधासाठी १५९४ आणि १५९५ साली निघालेल्या सफरींत बारेंट्स होता आणि आपल्या गोव्याहून परतलेला हा लिन्सकोटेनही होता. दोन्ही वेळा बर्फाने अडवलं. १५९६ च्या तिसऱ्या सफरीत लिन्सकोटेन नव्हता. बारेंट्स गेला, आणि जहाज नोवाया झेम्ल्या बेटाच्या ईशान्य टोकाशी बर्फात रुतून बसलं.

सतरा माणसं अडकली. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले ओंडके आणि जहाजाच्या फळ्या जोडून त्यांनी घर बांधलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मावळलेला सूर्य जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात उगवला. त्यांच्यातल्या गेरिट द फेर या माणसाने रोजनिशी ठेवली होती, ती पुढे १५९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले तपशील एकदा वाचले की विसरता येत नाहीत. पाय शेकोटीजवळ नेले तर ऊब जाणवायच्या आधी मोजे जळल्याचा वास यायचा. घड्याळ गारठून बंद पडलं, तेव्हा वाळूच्या घटिकापात्रावर वेळ मोजायला लागली. घरात धूर कोंडून सगळे एकदा गुदमरून मरायच्या बेतात होते. सापळ्यात सापडलेले कोल्हे हे त्यांचं ताजं मांस.

आणि बिअर. पिंपातली बिअर गोठली, पिंप फुटलं. पाण्याचा बर्फ झाला आणि बिअरचा सगळा कस न गोठलेल्या थोड्याशा द्रवात उतरला. तो द्रव इतका जहाल की पिववेना, आणि बर्फ वितळवून प्यावा तर त्याला पाण्याचीच चव. जानेवारीत तीन राजांच्या ख्रिस्ती सणाच्या रात्री या लोकांनी आपापल्या वाट्याची वाचवून ठेवलेली थोडी वाइन काढली, उरलेल्या पिठातून थोडं पीठ घेऊन धिरडी केली आणि आपल्यातल्या एका तोफवाल्याला चिठ्ठी काढून नोवाया झेम्ल्याचा राजा केलं. काळोखात, मरणाच्या दारात, घोटभर वाइनवर साजरा झालेला तो सण. आइसबारला जगात कुठे मूळपुरुष असेलच तर तो हा.

जून १५९७ मध्ये ते दोन उघड्या होड्यांतून परत निघाले. बारेंट्स वाटेतच वारला. बारा जण नोव्हेंबरमध्ये ॲमस्टरडॅमला पोचले. त्याआधी थोडेच महिने केप ऑफ गुड होपला वळसा घालून जावाला गेलेली डच जहाजं परतली होती. म्हणजे दक्षिणेची वाट डचांनाही जमते हे ठरलं होतं. पुढे १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि तिच्या वखारी वेंगुर्ल्यापर्यंत आल्या.

ते घर मात्र तिथेच राहिलं, जवळजवळ पावणेतीनशे वर्षं. १८७१ मध्ये एल्लिंग कार्लसेन या नॉर्वेजियन कप्तानाला ते सापडलं. आतल्या बऱ्याच वस्तू जागच्या जागी होत्या: भांडी, मेणबत्तीची घरं, जोडे, शस्त्रं, पुस्तकं, आणि गारठून बंद पडलेलं तेच घड्याळ. या वस्तू आज राइक्सम्युझियममध्ये आहेत. त्यांतली मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट म्हणजे कागदाचा एक गठ्ठा. बारेंट्सच्या लोकांनी चीनमध्ये विकण्यासाठी छापील चित्रं बरोबर घेतली होती. ओल आणि थंडीने ती एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. विसाव्या शतकात संग्रहालयातल्या जाणकारांनी चिकाटीने ते कागद एकेक करून सुटे केले. चीनच्या गिऱ्हाइकाला दाखवायचा माल, तो शेवटी उघडला गेला ॲमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत.

म्हणून मी क्रमाचा आग्रह धरतो. सकाळी ते जोडे, ती भांडी, ते घड्याळ बघून जो माणूस संध्याकाळी आइसबारमध्ये शिरेल, त्याला उणे १० अंशात हातमोज्यांतून पेला धरताना काहीतरी कळेल. आपण इथे वीस मिनिटांत बाहेर पडणार आहोत आणि ती माणसं महिनोन्‌महिने आत होती, हे त्याच्या अंगाला कळेल. उलट क्रमाने गेलं तर बारमध्ये गोष्ट पुसट ऐकू येते, आणि संग्रहालय तर पाच वाजता बंद होतं, त्यामुळे ते राहूनच जातं. बार रात्री उशिरापर्यंत उघडा असतो. ताजे डोळे आणि ताजे पाय दिवसाच्या पूर्वार्धात असतात, ते चित्रांना द्यावेत.

कलेच्या बाजूने नाराज होणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे की ज्या चित्रांच्या पावित्र्यासाठी तुम्ही बारला दूर ठेवू पाहता, ती चित्रं आली कुठून? चित्रकार व्हर्मीरच्या वडिलांचा डेल्फ्टमध्ये पथिकाश्रमवजा गुत्ता होता आणि ते चित्रांची खरेदी-विक्रीही करत. चित्रकार यान स्टेन हा बिअर बनवणाऱ्याचा मुलगा. त्याने स्वतः डेल्फ्टमध्ये काही वर्षं ब्रुअरी चालवली आणि पुढे १६७२ मध्ये लायडनमध्ये गुत्त्याचा परवाना काढला. फ्रान्स हाल्सचा हातात पेला घेऊन हसणारा माणूस राइक्सम्युझियमच्या भिंतीवरच आहे. सतराव्या शतकातल्या डच चित्रकलेतून गुत्ते, पेले, हुक्क्यासारख्या लांब दांड्यांच्या चिलमी आणि झिंगलेली माणसं वजा केली, तर एक मोठा कप्पा रिकामा होईल.

खुद्द 'नाइट वॉच' घ्या. रेम्ब्रांटने १६४२ मध्ये पुरं केलेलं हे भलंमोठं चित्र संग्रहालयासाठी नव्हतंच. शहराच्या नागरी पलटणीच्या सभागृहासाठी ते काढलेलं होतं. नेमबाजांच्या त्या वास्तूत बैठका व्हायच्या, तशाच जंगी मेजवान्याही व्हायच्या. म्हणजे कॅप्टन फ्रान्स बॅनिंग कॉक आणि त्याचा पिवळ्या पोशाखातला लेफ्टनंट पहिली सात दशकं खाणाऱ्यापिणाऱ्यांच्याच समोर उभे होते. १७१५ मध्ये चित्र नगरभवनात हलवलं, तिथे दोन दारांच्या मध्ये बसेना म्हणून कडेने चक्क कापलं. मूळ सभागृहाची जागा आम्स्टलच्या त्याच पट्ट्यात आहे, आइसबारपासून काही मिनिटांच्या अंतरावर. तिथे आता हॉटेल आहे. राइक्सम्युझियममध्येच बार्थोलोमेउस व्हॅन डर हेल्स्टने रंगवलेली १६४८ ची मेजवानी आहे. स्पेनशी तह झाल्याच्या आनंदात जेवायला बसलेले शिपाई, आणि एकाच्या हातात पिण्याचं भलंमोठं शिंग. हे बघितल्यावर चित्र आणि पेला यांच्यात वैर आहे असं मला तरी म्हणवत नाही.

हा प्रश्न लंडनमध्ये पूर्वीच येऊन गेला आणि तिथे त्याचं उत्तरही फार शहाणपणाने दिलं गेलं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये 'जिन पॅलेस' नावाचे गुत्ते फोफावले होते. आरसे, कोरीव काचा, झगमगते गॅसचे दिवे. दिवसभर कारखान्यात राबून अंधाऱ्या खोलीत परतणाऱ्या मजुराला तेवढंच एक लखलखतं ठिकाण परवडत होतं. आजच्या भाषेत तेही थीम बारच. १८५७ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियम, म्हणजे आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, उघडलं तेव्हा त्याचा प्रमुख हेन्री कोल याने दालनांत गॅसचे दिवे लावले आणि संग्रहालय संध्याकाळी उघडं ठेवलं. संग्रहालय संध्याकाळी उघडं राहिलं तर जिनच्या गुत्त्यांवर तो जालीम उतारा ठरेल, असं त्याचं म्हणणं होतं. पण नुसता उपदेश करून तो थांबला नाही. संग्रहालयातच खाण्यापिण्याची सोय केली, आणि पुढे त्यासाठी देखणी, नक्षीदार दालनं सजवून घेतली. जगातलं पहिलं संग्रहालयातलं उपाहारगृह म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

कोलला जे उमगलं ते फार मोलाचं आहे. माणसाला थकल्यावर उजेड लागतो, बसायला जागा लागते, घोटभर काहीतरी लागतं, सोबत लागते. हे सगळं गुत्त्यात मिळत असेल आणि संग्रहालयात मिळत नसेल, तर तो गुत्त्यातच जाणार. त्यात त्याच्या अभिरुचीला दोष देण्यासारखं काही नाही. ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियमही शुक्रवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं राहिलेलं आहे, संगीत आणि पेयांसह. त्यामुळे तिथल्या चित्रांचं काही बिघडलं नाही.

तरीही जोडतिकिटांच्या आजच्या व्यवहारावर माझे आक्षेप आहेत आणि ते किरकोळ नाहीत. या तिकिटांत दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात: 'दोन आकर्षणं, एक किंमत'. वीस मिनिटांत संपण्यासाठीच बेतलेला बार आणि ऐंशी दालनांत आठेक हजार वस्तू मांडलेलं संग्रहालय यांना एकसारखी खूण करायची जागा मिळते. मग माणूसही दोन्हींना सारखाच वेळ देतो. तासाभरात 'नाइट वॉच'समोर पोचायचं, गर्दीच्या डोक्यांवरून मोबाइल उंचावायचा आणि बाहेर. अशा भेटीतून 'आम्हाला चित्रातलं काही कळत नाही' हे मत आणखी पक्कं होऊन माणूस परततो, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्यांनाही तसंच सांगतो. हे नुकसान तिकिटाच्या पैशांहून मोठं आहे.

दुसरा आक्षेप शहराच्या बाजूने. ॲमस्टरडॅमची माणसं झिंगलेल्या पाहुण्यांना वैतागली आहेत. शहराच्या मध्यभागात पेडल मारत बिअर पीत फिरण्याच्या गाड्यांवर २०१७ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये नगरपालिकेने धिंगाणा घालायलाच येणाऱ्या तरुण ब्रिटिश पुरुषांना उद्देशून 'इकडे येऊ नका' अशी उघड मोहीम काढली. २०२४ पासून मुक्कामावरचा पर्यटन कर साडेबारा टक्के झाला, युरोपात सगळ्यात जास्त म्हणावा असा. जे शहर आपल्या पाहुण्यांना दार लावायच्या मनःस्थितीत आहे तिथे आपण कशासाठी जातोय, याचं उत्तर आपल्याकडे असायला हवं. दिवसभर त्या शहराचा इतिहास बघून संध्याकाळी एक पेला घेणारा पाहुणा आणि बारमागून बार पालथे घालणारा पाहुणा यांतला फरक तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना रात्री अकरा वाजता चांगलाच कळतो.

आता आपल्या मंडळींच्या त्या नेहमीच्या वाक्याकडे येतो: आम्हाला काय कळणार? हे वाक्य विनयाचं वाटतं, पण ते खरं नाही. यान स्टेनचं १६६८ चं 'आनंदी कुटुंब' घ्या. राइक्सम्युझियममध्येच आहे. टेबलाभोवती तीन पिढ्या. म्हाताऱ्याने पेला उंचावलाय, बायका तोंड उघडून गातायत, आणि मोठ्यांचं बघून पोरंटोरंही चिलीम ओढतायत, पेल्याला तोंड लावतायत. वर भिंतीवर एक कागद डकवलाय. त्यावर लिहिलंय ते थोडक्यात असं: म्हातारी जे गातात तेच पोरं वाजवतात. हे चित्र समजायला मराठी घरातल्या कोणाला कसली पदवी लागणार आहे? 'खाण तशी माती' म्हणणारी आजी या चित्रासमोर उभी केलीत तर ती तुम्हाला त्यातला प्रत्येक माणूस समजावून सांगेल. डचांमध्ये आजही पसारा आणि गोंधळ माजलेल्या घराला 'यान स्टेनचं घर' म्हणतात. असा चित्रकार परका कसा वाटेल?

आणि खास आपल्यासाठीही तिथे काही आहे. गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेला हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांच्या चित्रांचा एक संग्रह ॲमस्टरडॅमचा बर्गोमास्टर, म्हणजे नगराध्यक्ष, निकोलास विटसेन याच्याकडे होता. तो आज राइक्सम्युझियमच्या मालकीचा आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचं चित्र आहे. महाराजांच्या काळाच्या इतक्या जवळची चित्रं जगात मोजकीच. कागदावरचं नाजूक काम असल्याने अशी चित्रं कायम भिंतीवर नसतात, पण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही फुकट, अगदी जवळून बघता येतात. जाण्याआधी घरी बसून बघावीत आणि मुलांना दाखवावीत. आशियाई दालनात चोळ काळातला उंच नटराज आहे. खुद्द रेम्ब्रांटने मोगल लघुचित्रं समोर ठेवून वीसेक रेखाटनं केली होती; शाहजहान त्याच्या हाताखालून गेला आहे. आपण हिंदुस्थानातून त्याच्या गावी जातो आणि त्याला न भेटता मेणाच्या पुतळ्यासोबत फोटो काढून येतो, याची मला मनापासून खंत वाटते. अठरा वर्षांखालच्या मुलांना राइक्सम्युझियममध्ये प्रवेश मोफत आहे, हेही सहलीच्या पत्रकात कुठे ठळक छापलेलं दिसत नाही.

सहल कंपन्यांची अडचण मला समजते. चाळीस माणसं, वयं आठ ते अठ्ठ्याहत्तर, संध्याकाळी सातला भारतीय जेवण, दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरा देश. पण याच वेळापत्रकात हिऱ्यांच्या कारखान्याला तास मिळतो. तो तास संग्रहालयाला द्या, त्यात आणखी दोन मिळवा. एक माहितगार माणूस बरोबर द्या जो सगळं दाखवायच्या फंदात न पडता दहाच गोष्टी दाखवेल, जसं की नोवाया झेम्ल्याच्या वस्तू, 'नाइट वॉच', यान स्टेन, व्हर्मीरची दूध ओतणारी बाई, नटराज. मग ज्यांना हवं त्यांनी स्पीगल रस्त्यावरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांवरून आम्स्टलपर्यंत रमतगमत चालत जावं. वीस-पंचवीस मिनिटांची वाट आहे. आइसबारमध्ये दारूच घेतली पाहिजे असंही नाही. ज्यांना गुडघ्यांमुळे किंवा श्वासाच्या त्रासामुळे थंडी सोसत नाही त्यांनी नदीकाठी बसून कॉफी घ्यावी. एक-दोन कंपन्यांनी जरी असा दिवस आखून दाखवला, तरी गिऱ्हाईक मिळेल असं मला ठामपणे वाटतं, कारण दुसऱ्यांदा युरोपला जाणारा मराठी प्रवासी आता भरपूर आहे आणि पहिल्या खेपेला काय राहिलं याची त्याला चुटपुट आहे.

पण ही सवय विमानात बसल्यावर लागणार नाही, ती घरी लागायला हवी, आणि इथे दोष फक्त प्रवाशाचा नाही. मुंबईच्या जहांगीर कला दालनाच्या व्हरांड्यात १९६४ पासून 'समोवार' नावाचं उपाहारगृह होतं. चित्रं बघून बाहेर आलेला माणूस तिथे चहा आणि रोल घेऊन बसायचा, शेजारच्या टेबलावर चित्रकारच बसलेला असायचा, आणि आत न सुचलेला प्रश्न तिथे विचारता यायचा. २०१५ मध्ये ते बंद झालं. चित्रं बघणाऱ्या मुंबईकराची एक बैठकच गेली. गोव्यात कांदोळीला फेणीच्या जुन्या बरण्या, भट्ट्या आणि पेले मांडलेलं संग्रहालय निघालंय, तिथे शेवटी घोटभर चवही बघता येते. गर्दी होते याचा मला आनंद आहे. त्याच गोव्यात जुन्या गोव्याच्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. इथल्याच कारागिरांच्या हातचं हस्तिदंताचं, चांदीचं आणि लाकडाचं काम तिथे बघायला मिळतं. कांदोळीच्या किती गाड्या तिकडे वळतात? या दोन ठिकाणांना एका दिवसात गुंफणारी सहल गोवा पर्यटनाने काढावी. सकाळी जुनं गोवं, दुपारी जेवण, संध्याकाळी फेणी.

आणि मुंबईत सुरुवात वेळेपासून करावी. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं तेव्हा त्याचं नावही व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं. १९७५ मध्ये ते बदललं. नाव सारखं निघालं, लंडनचे संध्याकाळचे दिवे मात्र आले नाहीत. आजही आपली बहुतेक संग्रहालयं पाच-सहाच्या सुमारास दारं लावतात, म्हणजे नेमकी ऑफिसं सुटायच्या वेळेला. नोकरी करणाऱ्या माणसाला उरतो तो रविवार, आणि बार मात्र रोज रात्री दीडपर्यंत त्याची वाट बघत असतो. महापालिकेने आणि विश्वस्तांनी आठवड्यातून एक संध्याकाळ, समजा शुक्रवारी नऊपर्यंत, संग्रहालय उघडं ठेवावं. व्हरांड्यात चहा-भजी मिळावीत, चार खुर्च्या असाव्यात, एखादा जाणकार असावा. रखवालदारांच्या जादा पाळीचा आणि विजेचा खर्च येईल. तो अंदाजपत्रकात मांडावा, त्यावर सभागृहात उघड चर्चा व्हावी आणि एक वर्ष करून बघावं. भायखळा स्टेशनपासून ते संग्रहालय पायी दहा मिनिटांवर आहे.